सॉफ्ट मशीनसारखं वाजवायचंय: टोचणारा फझ ऑर्गन, घसरणारा ११ मात्रांचा रिफ आणि दोन मिनिटांत आटणारा सोलो

प्रश्न थोडक्यात असा आहे. कीबोर्ड, बेस, ड्रम आणि सॅक्सोफोन असा चौघांचा बँड आहे. सॉफ्ट मशीन या ब्रिटिश जॅझ-रॉक बँडचा १९७० सालचा 'थर्ड' हा अल्बम ऐकून त्या धाटणीचं स्वतःचं काही रचायला घेतलंय आणि तीन ठिकाणी गाडी अडतेय. फझ (आवाज मुद्दाम फाटका, खरखरीत करणारं पेडल) लावला की ऑर्गन कानाला टोचतो, ११ मात्रांचा रिफ (पुन्हा पुन्हा वाजणारा छोटा तुकडा) थोड्या वेळाने घसरतो, आणि सोलो दोन मिनिटांत आटतो.

तिन्ही अडचणींचं मूळ एकच आहे. तुम्ही सोलोपासून सुरुवात करताय. सॉफ्ट मशीनमध्ये सोलो सगळ्यात शेवटी येतो. आधी वाद्याचा आवाज, मग बेसचं आवर्तन, आणि त्या दोन्हींच्या अडचणीतून वाट काढत सोलो घडतो. त्यांचा ऑर्गनवादक माइक रॅटलेजची ती लांबलचक, श्वास न घेणारी वाक्यं ऐका. तो लाउरी हॉलिडे डिलक्स वाजवायचा. हा घरात, दिवाणखान्यात वाजवायला बनवलेला ऑर्गन. त्याला फझ जोडून मोठ्या आवाजात वाजवला की बोटं उचलताच फीडबॅकची शिटी सुरू व्हायची. म्हणून बोटं उचलायचीच नाहीत. वाद्याच्या खोडीतून एक शैली जन्माला आली, आणि ती खोड ठेवूनच सराव केला तर शैली हाताला लागते.

ऑर्गनपासून सुरू करू, कारण सगळ्यात जास्त चुका तिथेच होतात.

तुमच्याकडे लाउरी असण्याची शक्यता नाही, साधा डिजिटल कीबोर्ड असेल. त्यातला ऑर्गनचा आवाज बहुतेक वेळा रिव्हर्ब, कोरस आणि फिरत्या स्पीकरचा परिणाम लावूनच येतो. हे तिन्ही आधी बंद करा. फझच्या आधी रिव्हर्ब असेल तर त्याची शेपटीसुद्धा फझमध्ये चिरडली जाते आणि सुरांचा चिखल होतो. रिव्हर्ब हवाच असेल तर फझच्या नंतर. ड्रॉबार (आवाजातले घटक कमी-जास्त करणाऱ्या सरकपट्ट्या) असतील तर आठ फुटी पूर्ण बाहेर, चार फुटी हवा तर किंचित, बाकी सगळे आत. पर्कशन बंद, की-क्लिक शून्यावर. मूळ सूर जितका साधा, तितका फझ गोल आणि लांब येतो. आधीच भरगच्च असलेल्या आवाजावर फझ लावला की पत्रा कापल्यासारखा आवाज निघतो.

मग लेव्हल. फझ पेडल गिटारच्या पिकअपसाठी बनलेलं असतं आणि कीबोर्डचं आउटपुट त्याच्या कितीतरी पट जोरकस असतं. कीबोर्डचा मास्टर व्हॉल्यूम पाव भागावर आणा, लेफ्ट/मोनो असं लिहिलेल्या सॉकेटमधून एकच केबल काढा आणि मग फझ वाढवत न्या. जुन्या पद्धतीचं जर्मेनियम ट्रान्झिस्टरचं फझ असेल तर आणखी एक गोष्ट आड येते. गिटारच्या पिकअपचा अवरोध मोठा असतो, कीबोर्डचा अगदी कमी, आणि त्यामुळे हे फझ कीबोर्डवर कर्कश होतं. मध्ये रीअँप बॉक्स (कीबोर्डचा सिग्नल गिटारसारखा करून देणारी डबी) टाका. तो नसेल तर छोट्या डबीत १० ते ४७ किलोओहमचा एक रेझिस्टर सिग्नलच्या तारेत जोडून घ्या. हे काम स्वस्तातलं आहे आणि फरक लगेच कळतो.

शेवटी स्पीकर. टोचण्याचं सगळ्यात मोठं कारण इथेच सापडतं. फझचा आवाज तुम्ही सरळ पीएवर, म्हणजे सभागृहाच्या लाउडस्पीकर यंत्रणेवर, देत असणार. गिटार अँपचा १२ इंची स्पीकर साधारण ५ किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही बाहेर सोडतच नाही, पीएचा ट्वीटर मात्र सगळी खरखर इमानेइतबारे ऐकवतो. गिटार अँप वापरा आणि त्याच्यासमोर माइक ठेवा. पीएच वापरायचा असेल तर मिक्सरवर त्या चॅनेलला ४.५ ते ५ किलोहर्ट्झवर लो-पास (त्याच्या वरचं कापणारा फिल्टर) लावा.

जोडणीचा क्रम असा: कीबोर्ड, फझ, वाह (पायाने आवाजाचा रंग बदलणारं पेडल), व्हॉल्यूम पेडल, अँप. व्हॉल्यूम पेडल फझच्या नंतर हवं, म्हणजे आवाज कमी-जास्त झाला तरी फझचा पोत तसाच राहतो. ते फझच्या आधी ठेवलं तर पाय मागे घेताच फझ विरतो आणि बाळबोध ऑर्गन उरतो. खरखर दाबायला नॉइज गेट (ठरावीक पातळीखालचा आवाज बंद करणारं उपकरण) लावायचा मोह होईल, पण लावू नका. तो सुरांची टोकं कापतो आणि सलग वाजवण्याची जी सक्ती आपल्याला हवी आहे तीच काढून घेतो.

आता बोटं. फझवर कॉर्ड का वाजत नाहीत हे एकदा आकड्यांत पाहिलं की कायमचं लक्षात राहतं. फझमध्ये दोन सूर एकत्र शिरले की त्यांच्या कंपनसंख्येतल्या फरकाचा तिसरा सूर तयार होतो. सा म्हणून ए घ्या, २२० हर्ट्झ. वरचा पंचम म्हणजे ई, ३२९.६३ हर्ट्झ. फरक १०९.६३. खालच्या सप्तकातला सा ११०, म्हणजे तिसरा सूर जवळपास सुरात येतो आणि षड्ज-पंचमाची जोडी फझवर भरदार वाजते. आता सा आणि शुद्ध गंधार घ्या. कीबोर्डवरचा गंधार २७७.१८, फरक ५७.१८. दोन सप्तकं खालचा सा ५५ आहे. म्हणजे तिसरा सूर तिथल्या सा आणि कोमल रे यांच्या मध्ये कुठेतरी लटकतो. हार्मोनियमवरचा गंधार तंबोऱ्याशी का भांडतो हे ज्याला माहीत आहे त्याला हे चटकन उमगेल. तेच भांडण फझ खाली, जाड आवाजात ऐकवतो. म्हणून उजव्या हाताने एकेरी सूर, फार तर पंचमाची जोडी. डाव्या हाताच्या कॉर्डसाठी दुसरा आवाज घ्या आणि तो फझमधून जाऊ देऊ नका. 'थर्ड'वर रॅटलेज लाउरीसोबत होनर पियानेट हा इलेक्ट्रिक पियानोही वाजवतो.

सलग वाजवताना पुढची पट्टी दाबल्यावरच मागची सोडायची असते, पण त्या क्षणभराच्या गाठीतही वरचाच घोळ होतो आणि प्रत्येक सुराआधी चिमणीसारखी किचकिच ऐकू येते. कीबोर्डमध्ये मोनो-लेगाटो (एका वेळी एकच सूर, सलग) असेल तर तो लावा, शेवटच्या सुराला प्राधान्य ठेवा. नसेल तर हाताला वळण लावावं लागेल: रोज १० मिनिटं, ८० च्या लयीत, पाचच सूर, फझ चालू ठेवून. फझ बंद ठेवून केलेला सराव इथे निरुपयोगी आहे, कारण चूक फक्त फझवरच ऐकू येते. लाउरीच्या पेडलला ग्लाइडची कळ असते, तिने सूर सुमारे अर्धा स्वर खाली घसरतो. ती हवी असेल तर पिच बेंडची मर्यादा एका अर्ध्या स्वरावर आणा आणि चाक फक्त खाली ओढा. मींड काढायच्या नादात मोठी घसरण करू नका, ती लगेच सिंथेसायझरसारखी वाटते.

रिफ घसरण्याकडे वळू. तुमचा बेसवालाही फझ लावत असणार, सॉफ्ट मशीनचा बेसवादक ह्यू हॉपर लावायचा तसा. फझ सुराचा आघात सपाट करतो. सूर नेमका कुठे सुरू झाला ते ड्रमरला कळत नाही आणि विषम मात्रांत तेवढी शंका पुरते. सिग्नल दोन वाटांनी न्या. एक साधा, डीआय बॉक्समधून (वाद्य सरळ मिक्सरला जोडणारी डबी), आघात आणि खर्जासाठी. दुसरा फझमधून, आणि त्या वाटेवर १५० हर्ट्झच्या खालचं कापून टाका. मिक्समध्ये साधा आवाज निम्म्याहून अधिक ठेवा. ऐकणाऱ्याला फझच ऐकू येतो, ड्रमरला मात्र साधा आवाज मिळतो.

सरावासाठी हा रिफ घ्या: डी ३ मात्रा, एफ ३, जी ३, सी २. एकूण ११. मात्रेची लय मिनिटाला २००, म्हणजे एक आवर्तन ३.३ सेकंदांचं. हा कोणाच्या रचनेतला नाही, हाडं मोजायला घेतलेला सांगाडा आहे. रूपकाचा ३+२+२ किंवा झपतालाचा २+३+२+३ हा विभाग ज्याच्या कानात आहे त्याला अर्धं काम फुकट मिळतं.

आधी वाद्यं खाली ठेवून चौघांनी तोंडाने म्हणायचं आणि टाळी द्यायची: एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन-तीन, एक-दोन. पाच मिनिटं न चुकता जमेपर्यंत वाद्याला हात नाही. मग मेट्रोनोम १०० वर लावा, दर दोन मात्रांना एक टिक. ११ ही विषम संख्या असल्याने टिक एका आवर्तनात समेवर पडते, पुढच्यात दोन टिकांच्या मध्ये सम येते, त्यापुढच्यात पुन्हा समेवर. लागोपाठ दोन आवर्तनांत टिक समेवर आली की समजा कोणीतरी एक मात्रा वाढवली किंवा खाल्ली. याहून स्वस्त आणि निष्ठुर परीक्षक मिळणार नाही.

मात्रा वाढते ती जवळजवळ नेहमी शेवटच्या दोनच्या खंडात. अंगाला तिथे तीन हवे असतात. १२ झाले की सगळं एकदम आरामशीर वाटू लागतं, आणि नेमकी तीच धोक्याची खूण. उपाय ड्रमरकडे आहे. पहिल्या तीन खंडांच्या तोंडावर किक, आणि शेवटच्या दोनच्या पहिल्या मात्रेवर स्नेअर. राइड सिंबल मात्र खंड न दाखवता सरळ चालू ठेवायचं. हे पक्कं झालं की मग किकही हळूहळू सोडवा. सॉफ्ट मशीनचा ड्रमर रॉबर्ट वायट याच्या वादनात हे ऐका. तो सम आपटून दाखवत नाही, हलक्या हाताने आवर्तनावरून वाहत जातो आणि तरी बँड हलत नाही. आपल्याकडे प्रत्येक समेला क्रॅश वाजवण्याची सवय असते. या संगीतात त्याने दर तीन सेकंदांनी दार आपटल्यासारखं होतं.

ड्रमरने ऐकायचंच असेल तर १९७२ च्या 'फिफ्थ'च्या दोन बाजू पाठोपाठ ऐकाव्यात. पहिल्या बाजूला फिल हॉवर्ड आहे, दुसऱ्या बाजूला जॉन मार्शल. एकाच बँडखालची जमीन ड्रमर बदलल्यावर किती बदलते हे तिथे अर्ध्या तासात कळतं. हॉवर्ड लय मोकळी सोडतो, मार्शल ती घट्ट धरतो. नवशिक्या बँडला मार्शलची वाट सोपी पडेल.

आता सोलो. जॅझ पुस्तकातून शिकलेला माणूस दर दोन बारला बदलणाऱ्या कॉर्डच्या आधाराने पुढे सरकतो. इथे कॉर्ड बदलतच नाही, म्हणून दोन मिनिटांत सांगण्यासारखं संपतं. वरच्या रिफवर तुमच्याकडे एकच मोड आहे, डी डोरियन, म्हणजे स्वरांच्या हिशेबाने काफी थाट. आरोह-अवरोहाचं बंधन नाही आणि वर्ज्य स्वरही वापरता येतात, एवढाच फरक. सॅक्सोफोनवाल्यासाठी: सोप्रानो किंवा सॉफ्ट मशीनचा सॅक्सोफोनवादक एल्टन डीन वाजवायचा तो सॅक्सेलो (सोप्रानोचाच एक प्रकार) बी फ्लॅटमध्ये असतो, तिथे ई डोरियन वाजवायचा. आल्टोवर बी डोरियन.

पाच मिनिटांचा सोलो म्हणजे सुमारे ९१ आवर्तनं. ती आधीच वाटून घ्या. पहिली १६ आवर्तनं, म्हणजे जेमतेम ५३ सेकंद, फक्त पाच सूर आणि एकच सप्तक. पुढची २४: सूर तेच, पण वाक्यं चार-चार मात्रांची. ११ च्या आवर्तनावर चारचं वाक्य सरकत जातं आणि ४४ मात्रांनी, चार आवर्तनांनी, पुन्हा समेवर येतं. ही १३ सेकंदांची ओढ म्हणजे या संगीताचा खरा रस. त्यापुढची २४ बाहेर जायला: एक वाक्य अर्धा स्वर वर, ई फ्लॅट डोरियनमध्ये, पुढचं परत डीमध्ये. परतीचा सूर समेवर ठामपणे पडला तर बाहेरचे सूर मुद्दाम वाजवलेले वाटतात, नाही पडला तर चुकलेले वाटतात. उरलेल्या २७ मध्ये ड्रमरला मोकळं सोडा. पहिल्या ४० आवर्तनांत बेसवाल्याने एकही सूर बदलायचा नाही. त्याला कंटाळा येईल. त्याने तरी थांबायचं, कारण बेस स्थिर असेपर्यंतच वरचं बदलणं कानाला कळतं.

सोलो संपवून मुखड्यावर परत यायचा इशारा आधी ठरवून ठेवा. सॉफ्ट मशीन मैफलीत एका रचनेतून दुसरीत न थांबता जायचे, आणि हात वर करून खुणा करणं फझच्या गोंगाटात कोणाच्या लक्षात येत नाही. वाजवलेला इशारा हवा. इथे मी तिहाई सुचवेन. ती त्यांच्या शैलीतली नाही, पण आपल्या कानांना ती लगेच कळते. तीन मात्रांचा तुकडा तीनदा, मध्ये एक मात्रा रिकामी. दुसऱ्या मात्रेवर उचला: २-३-४, पाचवी रिकामी, ६-७-८, नववी रिकामी, १०-११-सम. शेवटचा सूर समेवर आणि चौघंही मुखड्यात.

मुखडा ऑर्गन आणि सॅक्सोफोन एका सुरात वाजवतात, तेव्हा सुरावटीचं भांडण उघडं पडतं. ऑर्गन ४४० वर अचल. सॅक्सोफोन गरम झाला की चढतो. तो ४४५ वर गेला तर सेकंदाला पाच ठोके ऐकू येतात आणि फझवर ते फारच बोचतात. सॅक्सोफोन आधी १० मिनिटं वाजवून गरम करायचा, मग सूर मिळवायचा, आणि पहिल्या रचनेनंतर पुन्हा तपासायचा. माउथपीस दोन-तीन मिलिमीटर बाहेर ओढलं की बहुधा भागतं. ऑर्गनचा अँप सॅक्सोफोनच्या माइककडे तोंड करून ठेवू नका. दोघांचा जोर १ ते ३ किलोहर्ट्झच्या पट्ट्यातच असतो, आणि माइकमध्ये फझ शिरला की पीएवर दोन्ही वेगळे करता येत नाहीत.

एक गोष्ट मनावरचं ओझं कमी करायला सांगतो. 'थर्ड' ऐकून स्वतःची तालीम त्याच्याशी तोलू नका. चार बाजू, प्रत्येक बाजूला १८-१९ मिनिटांची एकेक रचना. त्यातली पहिली, 'फेसलिफ्ट', जानेवारी १९७० मधल्या दोन मैफलींचं ध्वनिमुद्रण कापून-जोडून केलेली आहे: एक क्रॉयडनच्या फेअरफील्ड हॉलमधली, दुसरी बर्मिंगहॅमच्या मदर्स क्लबमधली. 'मून इन जून'चा पहिला मोठा भाग वायटने बहुतांश एकट्यानेच गाऊन-वाजवून केला. ही गायकाची रचना आहे आणि चौघांच्या वाद्यवृंदाने सुरुवातीला तिच्या वाटेला जाऊ नये. १९६९ साली बीबीसीसाठी ती गाताना वायटने शब्दच बदलून बीबीसीबद्दलचं गाणं केलं होतं. कागदावर काय लिहिलंय याची तो किती कमी पर्वा करायचा ते त्यावरून दिसतं.

चौथी बाजू, 'आउट-ब्लडी-रेजियस', सुरू होते आणि संपते ती इलेक्ट्रिक पियानोच्या उलट्या, फिरत्या फितींनी. अमेरिकन संगीतकार टेरी रायली याच्या लूपच्या कामाचा तो धागा आहे. हे घरी करणं अवघड नाही. पियानेटला सस्टेन पेडल नसतो, पट्टी सोडली की सूर तुटतो. म्हणून तुम्हीही सस्टेन न लावता, एकेक सूर पूर्ण विझेपर्यंत धरून तीन तुकडे रेकॉर्ड करा: ७, ८ आणि ९ सेकंदांचे, एकाच मोडमधले. तिन्ही उलटे करा. सूर आता शून्यातून फुगत येतो आणि टोकाला पटकन तुटतो. तिन्ही एकदम लूपवर सोडा, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे. ७, ८ आणि ९ चा लसावि ५०४, म्हणजे ८ मिनिटं २४ सेकंद तीच जुळणी पुन्हा येत नाही. खरी फीत वापरायची हौस असेल तर सेकंदाला १९ सेंटिमीटरच्या वेगाला ८ सेकंदांसाठी साधारण १५२ सेंटिमीटर फीत लागते. सांधा ४५ अंशांत तिरका कापा. सरळ कापला तर प्रत्येक फेरीला टक ऐकू येतं. सांध्यावर चिकटपट्टी पाठीच्या बाजूने लावायची, हेडकडच्या बाजूने नाही.

शिकण्यासाठी ऐकायचा क्रम विचाराल तर १९६९ चा 'व्हॉल्यूम टू' आधी. तिथे तुकडे छोटे आहेत आणि फझ ऑर्गन, फझ बेस, ड्रम असे तिघे वेगवेगळे ऐकू येतात. मग 'थर्ड'. मग १९७१ चा 'फोर्थ', ज्यात गायन अजिबात नाही. तुमच्या बँडने त्यांचीच एखादी रचना बसवायची असेल तर 'फोर्थ'वरची हॉपरची 'किंग्ज अँड क्वीन्स' घ्या. संथ आहे, बेसचं आवर्तन स्पष्ट आहे आणि सॅक्सोफोनला भरपूर जागा आहे. १९७५ चा 'बंडल्स' सध्या बाजूला ठेवा. तिथे अॅलन होल्ड्सवर्थची गिटार आहे आणि ते वेगळंच शास्त्र आहे.

पुढच्या तालमीला ऑर्गन आणि बेस दोघांनीच बसा. फझ लावून, ११ चा रिफ, २० मिनिटं, सोलो नाही. ऑर्गनवाल्याने एकच डी धरून ठेवायचा, वाह आणि व्हॉल्यूम पेडलने तेवढाच फुलवायचा. ड्रमर आणि सॅक्सोफोनवाल्याने समोर बसून प्रत्येक समेला टाळी द्यायची. टाळी २० मिनिटं एकत्र पडली की या दोघांनीही वाद्यं उचलावीत.